नांगर सोडा

११ जानेवारी

गेल्या जूनपासून इथे एक अक्षर नाही. वहीची माफी मागावी की स्वतःची, हे ठरेना, म्हणून दोघींची मागते. कारण फार मोठं नव्हतं. दिवसभर लिहून घरी आल्यावर पुन्हा लिहायचा कंटाळा. शिवाय ऑगस्टमध्ये नवऱ्याचा कारखाना बंद झाला आणि तेव्हापासून घरात जे चाललंय ते लिहून काढावंसं वाटलं नाही. (खरं कारण हे दुसरंच आहे. पहिलं सभ्य होतं म्हणून आधी लिहिलं.)

आज साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रकाशनाच्या मालकांनी, मला पुस्तक दिलं. मी आजवर वापरपुस्तिका लिहिल्या : पाण्याचा पंप, शिलाई यंत्र, बाळाची ढकलगाडी. 'ओल्या हाताने प्लग लावू नका' असली कितीतरी वाक्यं माझी आहेत आणि ते कुणालाच ठाऊक नाही, कारण वापरपुस्तिकेवर नाव नसतं. या वेळी असणार आहे. मुखपृष्ठावर नाही, आतल्या पानावर, पण असेल.

पुस्तक एका कयाक बनवणाऱ्या कंपनीला हवंय. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी. यांच्या कयाकमध्ये माणूस आत शिरत नाही, वरच बसतो. त्यात बसून खाडीत फ्लायने मासे कसे पकडायचे, तेही ज्याने कधी वल्हं हातात धरलं नाही त्याने. फ्लाय म्हणजे गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. मी म्हटलं, आपण 'माशी' म्हणू.

साहेब म्हणाले, "माशी वाचलं की माणूस आधी ताट झाकेल."

मी माशीच धरून बसले. शेवटी ते हो म्हणाले, पण मला वाटतं त्यांना जेवायला जायचं होतं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "माशीने मासा? मग मला घे बरोबर. पाच महिने घरी बसून माशाच मारतोय, एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला नाही."

तो हसला म्हणून मीही हसले. हसायला हवं होतं का, कळलं नाही.

१९ जानेवारी

पहिला धडा. मी साहेबांना सांगून टाकलं होतं की पाण्यात गेल्याशिवाय लिहिणार नाही. ढकलगाडीच्या वेळीही मी शेजारणीचं बाळ मागून आणलं होतं. नवरा सोबत आला.

शिकवणारी बाई पस्तिशीची, खांदे रुंद, आवाज मोठा. कंपनीतले सगळे तिला कप्तान म्हणतात. तिने दोघांना लाइफ जॅकेट घातलं, पट्टे स्वतः ओढून पाहिले आणि म्हणाली, "आता पडायचं."

"आधी बसू तरी द्या," नवरा म्हणाला.

"बसता सगळ्यांना येतं, काका. पडून परत चढता आलं की मगच गळाची काठी हातात देते."

'काका' ऐकून त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो चष्म्यासकट पडला. मी पडायच्या आधी इतका विचार केला की कप्तानने शेवटी होडी कलंडवली.

मग बसल्या बसल्या लाइन, म्हणजे काठीच्या टोकाची जाड दोरी, आधी मागे झुलवून पुढे फेकणं. उभं राहून फेकताना हात उंच असतो. इथे आपण जवळजवळ पाण्यावरच बसलेलो, त्यामुळे मागे गेलेली लाइन पाण्यावर सपकन आपटते. माझी माशी माझ्याच टोपीत अडकली. कप्तान म्हणाली, "मागे गेलेली लाइन सरळ होऊ द्या. तुम्ही घाई करता, ताई." मी ताई आणि हा काका. घरी येईपर्यंत त्याने हे तीनदा बोलून दाखवलं.

खारं पाणी धातू खातं, म्हणून आल्यावर काठी आणि रीळ, म्हणजे लाइन गुंडाळायचं चाक, गोड्या पाण्याने धुवायचे असतात. त्याने न सांगता धुतले, रीळ उघडून एकेक भाग टॉवेलवर मांडला आणि बेअरिंग कानाजवळ धरून फिरवलं. कारखान्यात तो बेअरिंग तपासायचा. "बरं आहे," म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं नाही.

२ फेब्रुवारी

पाच प्रकरणं झाली. माशाचं दुखणं हा प्रश्न सुटत नाही. पकडून सोडून द्यायचाच असेल तर पकडायचा का? कप्तानला विचारलं. म्हणाली, "हा प्रश्न तुमच्या पुस्तकात आहे का?" नाही म्हटलं. "मग घरी विचारा." घरी विचारलं. नवरा म्हणाला, "तू माशाला विचार, पण आधी पकडावा लागेल." गळाचं उलटं टोक दाबून टाकावं, म्हणजे मासा लवकर सुटतो, एवढं सहाव्या प्रकरणात घातलं.

९ फेब्रुवारी

आज दिवसभर क्रियापदं एकसारखी केली. आमच्या कामाचा पहिला नियम : एका क्रियेला एकच शब्द. पंपाच्या पुस्तिकेत एकदा 'बंद करा' आणि एकदा 'थांबवा' लिहिलं तर माणूस दुसरं बटण शोधत बसतो. नवव्या प्रकरणात 'मासा मोठा असेल तर' या मथळ्याखाली मी 'लाइन सैल करा', 'नांगराचा दोर मोकळा करा', 'माशाला जाऊ द्या' असं तीन तऱ्हेने लिहिलं होतं. तिन्ही जागी 'सोडा' केलं. लाइन सोडा, नांगर सोडा, मासा सोडा. पान एकदम स्वच्छ दिसायला लागलं. साहेबांनी वाचून फक्त मान हलवली. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

१६ फेब्रुवारी

नवऱ्याची कल्पना. मुद्रितं हातात घेऊन म्हणाला, "पुढच्या वेळी तू काही सांगायचं नाहीस, कप्तानबाईंनीही नाही. यात जे लिहिलंय तेवढंच मी करणार. वाचून जमलं तर पुस्तक पास."

"आणि नाही जमलं तर?"

"तर माल परत. तपासणी अशीच करतात."

रोज दाढी करायला लागला आहे. मुद्रितं घेऊन जेवायला बसतो आणि मध्येच मोठ्याने वाचतो. काल भाजीवर वाकून म्हणाला, "'काठी वर उचलू नका, लाइन हाताने खेचा.' हे छान लिहिलंयस." वीस वर्षांत त्याने माझी एकही पुस्तिका वाचली नव्हती. आमचा पंप बिघडला तेव्हासुद्धा नाही. एवढा वेळ रिकामा आहे म्हणून वाचत असेल.

२३ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते.

सकाळी खाडीवर तिघं, तीन होड्यांत. ओहोटी नुकती लागली होती. नवरा पुढे, कप्तान मध्ये, मी मागे. तो वाहत्या पाण्याबरोबर सावकाश जात होता. नांगर पाण्यात नव्हता, त्याच्या पायांपाशी ठेवलेला होता, दोराचं टोक बसायच्या जागेजवळच्या कडीला. फेकणं चांगलं जमत होतं. मागची लाइन सरळ होईपर्यंत थांबत होता. मला अजून ते जमत नाही.

मासा लागला. त्याने काठी खालीच ठेवली आणि हाताने लाइन खेचली, अगदी सातव्या प्रकरणात लिहिलंय तशी. मासा मोठा होता, कारण होडीच त्याच्यामागे जायला लागली, मधल्या खोल प्रवाहाकडे. कप्तान काही बोलली नाही, ठरलंच होतं तसं. नवऱ्याने लाइन सैल सोडली. मग वाकून नांगर उचलला आणि बाजूने पाण्यात टाकला.

नांगर तळाला रुतला, दोर ताणला, होडी आडवी झाली आणि पाण्याने ती एका बाजूने दाबून धरली. तो पडला. पडण्याचा सराव होता, पण नांगराचा दोर पिंढरीला गुंडाळला गेला होता आणि उलटी होडी वर होती. कप्तान पोचली, दोर सुरीने कापला. मी सारखं एकाच बाजूने वल्हं मारत होते, त्यामुळे जागच्या जागी गोल फिरत राहिले.

तो वर आला तेव्हा तोंडाचा रंग गेलेला होता. किनाऱ्यावर बसून खूप खोकला. डॉक्टर म्हणाले, बरगडीला मुका मार आहे, पोटात खारं पाणी गेलंय, बाकी ठीक. दोर अजून थोडा वेळ तसाच राहता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

गाडीत मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "चूक माझी. भलत्याच पानावरचं आठवलं."

२५ फेब्रुवारी

पुस्तक काल छापखान्यात गेलं. मी साहेबांना घडलेलं सांगितलं. ते म्हणाले, "ते स्वतःच म्हणतायत ना, त्यांची चूक?" मी हो म्हटलं. खरंच म्हणतोय तो.

पण प्रत्येकाला वेगळं म्हणतोय. मला म्हणाला, भलत्या पानावरचं आठवलं. कप्तानने तब्येत विचारायला फोन केला, तिला म्हणाला, "घाबरलो हो, हाताला लागेल ते फेकलं." आज त्याची बहीण आली, माझी नणंद, तिला म्हणाला की वल्हं समजून नांगर उचलला. कारखान्यात एखाद्या कामगाराने एका नापास तुकड्याबद्दल तीन कारणं दिली की तो म्हणायचा, चौथं खरं असेल.

नववं प्रकरण काढून बसले. वाक्य असं : 'मासा मोठा असेल आणि होडी ओढली जात असेल तर लाइन सोडा, नांगर सोडा.' मला म्हणायचं होतं, नांगर आधीच पाण्यात असेल तर त्याचा दोर मोकळा करा. दोराला तरंगणारा चेंडू असतो. होडी माशामागे जाऊ द्यायची आणि दोर नंतर येऊन उचलायचा. पण 'आधीच पाण्यात असेल तर' कुठे आहे? माझ्या डोक्यात होतं. पानावर नाही.

हेही खरं की नांगर कधीही बाजूने टाकू नका असं चौथ्या प्रकरणात ठळक अक्षरांत आहे. म्हणजे निम्मी चूक त्याची धरायची का? हे मी प्रामाणिकपणे विचारतेय की सुटकेची फट शोधतेय? चौथ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं : त्याने नांगर कुठून टाकला हा प्रश्नच नाही. टाकायचाच नव्हता.

२७ फेब्रुवारी

नणंद पुन्हा आली. तिने होडी फक्त दुरून पाहिली आहे, म्हणून मी तिला बैठकीच्या खोलीतल्या गादीवर पाय लांब करून बसवलं. नवरा आरामखुर्चीत, बरगडीशी उशी धरून. तिच्या पायांपाशी इस्त्री ठेवली आणि इस्त्रीच्या वायरचं टोक तिच्या हातात दिलं.

"वहिनी, इस्त्री गरम नाही ना?"

"नाही. ही इस्त्री म्हणजे नांगर. मी वाचते, तुम्ही करायचं." आणि वाचलं, "नांगर सोडा."

तिने इस्त्री उचलली आणि गादीच्या कडेवरून खाली ठेवली.

"अगं, सोडा म्हणजे दोर हातातून सोडायचा," नवरा म्हणाला. "मोकळा करायचा."

"कशाला? विहिरीत बादली सोड म्हटलं तर तू काय दोर टाकून घरी येतोस?"

"बादलीचं वेगळं."

"मुलाचा हात सोड म्हटलं तर वेगळं, ते मला कळतं. पण हे जड आहे, दोर लावलेलं आहे आणि खाली पाणी आहे. असलं जे असतं ते पाण्यातच सोडतात."

"कुणालाही कळेल नांगर सोडा म्हणजे काय ते. लहान पोराला कळेल."

"तुला कळलं होतं का?"

त्याने बरगडीशी धरलेली उशी नीट केली. मग म्हणाला, "मला विचार करायला वेळच मिळाला नाही."

"वल्हं समजून उचललास म्हणालास ना मला?"

"तेच ते."

मी इस्त्री उचलून कपाटात ठेवली. तिने निघताना दारात चपला घालता घालता सांगितलं, "वहिनी, याला लहानपणीही खोटं बोलता यायचं नाही. फुलदाणी मी फोडायचे आणि मार हा खायचा." ते या सगळ्याशी कसं जोडायचं, कळलं नाही.

ती गेल्यावर मी सरळ विचारलं, "तू माझं वाक्य वाचून नांगर टाकलास ना?"

"पुस्तक छापायला गेलंय."

"हे उत्तर नाही."

"आतल्या पानावर नाव आहे ना तुझं? मग झालं. छापू दे."

खोटं का बोलला असेल? मला वाटतं, त्याला लाज वाटली असावी. आयुष्यभर सूचना वाचून माल पास-नापास केला आणि आता आपल्याच भाषेतलं एक वाक्य समजलं नाही, हे कबूल करणं जड जात असेल. पुरुषांना जातं.

२८ फेब्रुवारी

सकाळी कार्यालय उघडल्या उघडल्या साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. ती पानं छापून झालीत, बांधणी उरली आहे.

"चुकीची दुरुस्ती म्हणून एक चिठ्ठी चिकटवू पहिल्या पानावर," ते म्हणाले.

"साहेब, होडी आडवी झाल्यावर कुणी पहिलं पान उघडत नाही."

"शेवटचंही उघडत नाही मग."

"म्हणूनच आधी वाचलेलं बरोबर हवं."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अहो, त्यांनी स्वतः सांगितलंय त्यांची चूक. तुम्ही का मागे लागलाय? तेवढा भाग पुन्हा छापायचा, कंपनीचं पुस्तक उशिरा येणार, मी त्यांना काय सांगू?"

"लेखिकेची चूक, म्हणून सांगा."

"सांगतो. मग ते म्हणतील, असल्या लेखिकेचं नाव कशाला? पुन्हा छापायचंच आहे तर ते पानही बदला."

"बदलू देत."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. कंपनीवाले अगदी तसंच म्हणाले. साहेब उगाच साहेब नाहीत.

टेबलाशी परत आले. आता शंका : मी हे वाचणाऱ्यासाठी केलं, की मी किती काटेकोर आहे हे स्वतःला दाखवायला? पुष्कळ विचार केला. ठरलं नाही. पण दोन्ही असलं तरी वाक्य चुकीचंच होतं.

घरी सांगितलं. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. तो चिडला. कित्येक महिन्यांत इतका चिडला नव्हता.

"मी सांगतोय ना माझी चूक आहे? एक चूक मला ठेवू देत नाहीस. सगळ्या तुलाच हव्या."

"पण ती तुझी नव्हतीच."

"म्हणून काय झालं?"

मी भांडी घासायला गेले. तो बाल्कनीत जाऊन रीळ उघडून बसला, धुतलेलंच पुन्हा पुसत.

१ मार्च

सुधारलेला मजकूर परवा द्यायचा आहे. सकाळी मी 'नांगराचा दोर मोकळा करा' असं पूर्वीचंच लिहून ठेवलं. आंघोळ करून आले तर नवरा खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसला होता. कालचा राग दिसत नव्हता, पण विचारलं नाही.

"हे पुरत नाही," म्हणाला. "नांगर होडीतच असेल तर काय करायचं, ते कुठे आहे?"

"काही करायचं नाही."

"मग तसं लिही. माझ्यासारखा माणूस हात रिकामे ठेवत नाही. काही करायचं नाही हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं."

दुपारपर्यंत बसलो. तो एकेक वाक्य हातात घेऊन फिरवल्यासारखं मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "नापास." शेवटी हे उरलं : 'नांगर पाण्यात असेल तर त्याचा दोर कडीतून काढून चेंडूसकट पाण्यावर टाकून द्या. नांगर होडीत असेल तर त्याला हात लावू नका.' लांबलचक आहे, आणि नियमात बसत नाही. 'टाकून द्या' माझ्या कानाला खटकतं. तो म्हणाला, खटकू दे, बुडण्यापेक्षा बरं.

मी म्हटलं, चला, झालं. तो म्हणाला, "तपासल्याशिवाय कसं झालं? आणि मी तपासून उपयोग नाही, मला आता अर्थ माहीत आहे. बरगडीही आहे." मग म्हणाला, "तू जा. तुला अजून धड लाइनही फेकता येत नाही. खरी नवशिकी तूच."

त्या दिवशी मी गोल गोल फिरत होते ते आठवलं. मी म्हटलं, वाक्य मीच लिहिलंय, अर्थ मलाही माहीत आहे, मग तपासणी खरी कशी?

"पाण्यात गेलीस की तुला काही माहीत नसतं," तो म्हणाला. "मी बघितलंय."

त्याने कप्तानला फोन करून वेळ ठरवली. ती म्हणाली, पाणी शांत असेल, ती शेजारीच असेल आणि सुरी तिच्या कमरेला असेल. तो मुद्रितं घेऊन धक्क्याच्या टोकाला बसेल आणि मोठ्याने वाचेल. आता आत माझं लाइफ जॅकेट काढून त्याचे पट्टे ओढून बघतोय. आवाज इथपर्यंत येतो आहे.

उद्या : तो वाचेल तेवढंच करायचं.